घाट, सडा आणि खाडी

पुण्याहून वेल्ह्यामार्गे केळद गाठलं की गावाच्या पलीकडे पठार एकाएकी संपतं. समोर कडा, खाली कोकण. समुद्र इथून सरळ रेषेत साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मोटारीला हे अंतर म्हणजे घाट, महामार्ग, दोन वेळा चहा आणि उरलेला दिवस. पण ज्यांना स्वतःच्या पायांवर आणि हातांवर समुद्रापर्यंत जायचं आहे, त्यांच्यासाठी हा प्रदेश तीन वेगवेगळ्या परीक्षा मांडून बसलेला आहे. कडा चालत उतरावा लागतो, मधल्या टेकड्या आणि सडे, म्हणजे जांभ्याची मोकळी पठारं, सायकलने पार होतात, आणि समुद्राजवळ आलं की जमीन खाड्यांनी कापलेली असते. तिथे होडीवाचून गत्यंतर नाही.

ट्रेकिंग, सायकल आणि सागरी कयाक या तिन्हींची एकत्र सुट्टी म्हटली की अनेकांना न्यूझीलंड किंवा नॉर्वेची छायाचित्रं आठवतात. तशी सुट्टी महाराष्ट्रात, आठवडाभरात, कुठलंही विमान न पकडता होऊ शकते. त्यासाठी कोणी मुद्दाम आखलेला मार्गही लागत नाही. घाटमाथ्यावरचा माल पूर्वी ज्या क्रमाने बंदराला पोहोचायचा, म्हणजे घाटवाट, मग गाडीवाट, मग तर (होडी), तोच क्रम आजही जमिनीने राखून ठेवला आहे.

सुरुवात घाटापासून. सह्याद्रीचा हा भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा आहे. थर कठीण असेल तिथे उभा कातळ राहतो, मऊ असेल तिथे झीज होऊन टप्पा तयार होतो. जुन्या लोकांनी घाटवाटा नेमक्या या टप्प्यांवरून आणि नाळांमधून काढल्या. केळदच्या मढे घाटाने उतरणारा माणूस कर्णवाडीला पोहोचतो. १६७० मध्ये कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, असं परंपरा सांगते. शेजारच्या उपांड्या घाटाने उतरून मढे घाटाने परत वर येणं, हा पुण्यातल्या ट्रेकर मंडळींचा ठरलेला रविवार. पण खरी मजा परत न येण्यात आहे. खाली उतरून महाड गाठावं, जमल्यास एक दिवस रायगडाला द्यावा आणि तिथून पुढे सायकलवर बसावं. सायकली आधीच महाडला टेम्पोने पाठवून ठेवायच्या. हा या सहलीतला सर्वांत कंटाळवाणा भाग आणि तोच आधी उरकावा.

उतरणं चढण्यापेक्षा सोपं, हा समज घाटात टिकत नाही. दमछाक चढताना होते, पाय घसरतात ते बहुधा उतरताना. वाळलेल्या गवतावर आणि सुट्या मुरमावर तर हमखास. गुडघ्यांवरचा भार कमी करायला काठी लागतेच. आणि पावसाळ्यात हा बेत आखूच नये. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गाव याच डोंगररांगेच्या पायथ्याशी दरडीखाली गेलं. धबधब्यांच्या चित्रफिती कितीही मोहात पाडोत, जुलै-ऑगस्टमध्ये हा डोंगर त्याच्या त्याच्या कामात असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या प्रवासाचा खरा काळ.

महाडहून गोरेगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला समुद्र पहिल्यांदा भेटतो. तिथून रस्ता दक्षिणेला वळतो आणि सायकलस्वाराला कोकणाचं खरं रूप कळतं. नकाशावर किनाऱ्याची रेघ सरळ दिसते, म्हणून नवखा माणूस सपाट रस्त्याची कल्पना करून येतो. प्रत्यक्षात गावं समुद्रपातळीला, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठी, आणि दोन गावांच्या मध्ये सडा. म्हणजे प्रत्येक गावातून बाहेर पडताना लाल जांभ्यात कापलेला चढ, वर मोकळा सडा, मग तेवढाच उतार आणि पुढचं गाव. दिवसाला पन्नास किलोमीटर कागदावर किरकोळ वाटतात; इथे ते पुरेसे होतात. सायकलला हलके गिअर हवेत, टायर जरा रुंद हवेत आणि ब्रेकचे पॅड निघण्यापूर्वी बदलून घ्यावेत. पहाटे निघून अकराच्या आत मुक्काम किंवा सावली गाठायची. दुपारी सड्यावर झाड नसतं आणि जांभा तापलेला असतो. पाण्याबरोबर मीठ-साखर पोटात जायला हवी. त्यासाठी गावागावांत मिळणाऱ्या कोकम सरबताइतकं चांगलं काही नाही.

सड्यांना मात्र उजाड म्हणून ओलांडून जाऊ नये. पावसाळा सरताना इथे रानफुलांचे गालिचे असतात, आणि याच कातळावर आदिमानवाने चित्रं कोरली. रत्नागिरीजवळच्या उक्षीला जमिनीवर कोरलेला हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मोटारीतून हे काही दिसत नाही.

आता खाड्या. हरिहरेश्वरहून पुढे बागमांडल्याला रस्ता पाण्यात संपतो. समोर सावित्रीची खाडी. ही तीच सावित्री, जिच्या खोऱ्यात आपण मढे घाटाने उतरलो; सगळं पाणी शेवटी इथे येतं. फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे वेश्वीला उतरायचं. जवळच बाणकोट, जो १७५६ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. त्यापुढे वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि वेळासचं कासव संवर्धन राज्यभर गाजलं. पिल्लं समुद्रात जाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी एक मुक्काम तिथे घरगुती खानावळीत करावा, आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावून फिरू नये.

केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, आणि रायगड दुसरा. एकाच सहलीत हे दोन्ही पाहताना मराठ्यांच्या राज्याला डोंगर आणि समुद्र दोन्ही का हवे होते, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे दाभोळ. बहमनी काळातलं हे मोठं बंदर. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथूनच जहाजात चढला. आज दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते. ती २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी पलीकडच्या गुहागरला गाडीने जायचं तर चिपळूणचा लांबचा वळसा होता. मग गुहागर, तवसाळ, शास्त्री नदीच्या मुखावरची तवसाळ–जयगड फेरी आणि शेवटी गणपतीपुळे. इथल्या समुद्रात पोहायला उतरू नये; ओढ फसवी आहे आणि इथे दरवर्षी माणसं बुडतात.

तिसरा भाग कयाकचा, आणि यावर जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्ट हीच आहे.

पर्यटनाच्या किनाऱ्यांवर भाड्याने मिळते ती बहुतेक वरून बसायची, रुंद प्लॅस्टिकची कयाक. ती सहसा उलटत नाही, उलटली तरी पुन्हा वर चढता येतं, आणि आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जातं. शिकायला उत्तम. सागरी कयाक वेगळी: साधारण पाच मीटर लांब, जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद, माणूस कमरेपर्यंत आत, पुढे-मागे सामानाचे बंद कप्पे. लांबीमुळे ती सरळ रेषेत जाते आणि तासाला पाच-सहा किलोमीटर सहज कापते. अरुंदपणामुळे ती डगमगते आणि तोल माणसाच्या कमरेत असावा लागतो. कोकणातल्या कोळ्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला: निमुळत्या होडीला बाजूने लाकडी उलांडी बांधली, की ती लाटेवर कलंडत नाही. वल्हवण्याचं तंत्रही दंडात नसतं. नुसत्या हातांनी वल्हवणारा अर्ध्या तासात थकतो. कंबर फिरवून पाठीच्या ताकदीने वल्हवणारा दोन तास जातो.

पण तंत्रापेक्षा महत्त्वाची भरती-ओहोटी. इथे किनाऱ्यावरच्या माणसांकडे पिढ्यांचा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोहोचते, पण बेत आखायला हा हिशेब पक्का आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा प्रवाहाला जोर. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी शांत. म्हणून नवख्यांनी उधाणाचे दिवस टाळून अष्टमी ते एकादशीचे दिवस निवडावेत. एकादशीला सकाळी साडेसहाला खाडीत उतरलं तर चढत्या पाण्याबरोबर आत जाता येतं, सव्वाआठनंतर पाणी थबकतं, मग ओहोटीच उलट आणून सोडते. दोन्ही वेळा प्रवाह पाठीशी.

या बेताला एक काटा आहे. ओहोटी मुखाकडे ओढते, आणि खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूवर बाहेरची लाट फुटते. तिथवर जायचंच नाही. ज्या धक्क्यावरून निघालो त्याच्या अलीकडेच काठ धरायचा. दिवस तापला की समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो ओहोटीला आडवा आला की पाण्यावर आखूड, उभट लाटा उठतात. साडेदहापर्यंत बाहेर आलेलं बरं. अरबी समुद्राचं पाणी कोमट असतं, त्यामुळे थंडीने गारठण्याचा धोका इथे नाही. ऊन आणि तहान हे खरे शत्रू. लाइफ जॅकेट अंगात आणि बंद केलेलं असावं. कुठे उतरायचं हे स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये, कारण प्रश्न फक्त प्रवाहाचा नाही. दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठीत मगरी आहेत.

एवढं सांभाळलं तर खाडी जे देते ते कड्यावर आणि सड्यावर मिळत नाही. कयाकला इंजिन नाही आणि तिला वीतभर पाणी पुरतं, त्यामुळे ती कांदळवनाच्या अरुंद गल्लीत शिरते. पांढरी चिप्पी, जिला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तिची चिखलातून वर आलेली श्वासमुळं हाताच्या अंतरावर दिसतात. खंड्या, ब्राह्मणी घार, नशीब असेल तर समुद्र गरुड. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात शिंपल्या (तिसऱ्या) वेचणाऱ्या बायका कयाककडे बघून हसतात आणि पाणी कधी फिरेल ते न विचारता सांगतात. त्यांचं ऐकावं.

शिकायचं कुठे? मालवणजवळ तारकर्ली-देवबागला कर्ली खाडीत शांत पाणी मिळतं, आणि गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था प्रशिक्षण देते. सहलीत सागरी कयाक घ्यायची तर आधी दोन-तीन दिवस शिकण्यात घालवावेत आणि उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणं सरावाचं करून घ्यावं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्यापूर्वी ती नोंदणी पाहायला मागावी. परतीला रत्नागिरी स्थानक आहे. सायकल पार्सलमध्ये नोंदवून कोकण रेल्वेने घरी यावं.

हा मार्ग मात्र असाच राहणार नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असताना मांडली गेली. आता रस्ते विकास महामंडळाने मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे आणि बाणकोट, दाभोळ, जयगड या तिन्ही खाड्या त्यात आहेत. पूल हवेतच. आजारी माणसाला रात्री फेरीबोटीची वाट पाहायला लावणं कोणाच्याही हिताचं नाही. पण अवजड वाहनांसाठी बांधलेल्या पुलावर सायकलला आणि पायी माणसाला वेगळी जागा ठेवली नाही, तर पाच-पाच शतकं जुनी बंदरं जोडणारा हा प्रवास फक्त काचेआडून करायचा उरेल. आणि फेरी बंद झाली म्हणून धक्के मोडीत निघाले, तर होडी उतरवायलाही जागा राहणार नाही. प्रत्येक पुलाला कठड्याने वेगळा केलेला सायकल-पदपथ आणि प्रत्येक जुन्या धक्क्यावर लहान होड्यांसाठी उतार, एवढंच मागणं आहे. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेत, आणि पुण्या-मुंबईच्या सायकल व ट्रेकिंग क्लबांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. काम पूर्ण झाल्यावर पूल रुंद होत नाही. हे आत्ताच सांगायला हवं.