दातांत दडलेलं पावणेसातशे वर्षांचं कोडं

‘हिस्ट्री घेऊन पुढे करणार काय?’ हा डायलॉग कॉलेजच्या ॲडमिशनच्या वेळी तुम्हीही घरी ऐकला असेल. त्यावर हे घ्या उत्तर!

चौदाव्या शतकात युरोपात कोट्यवधी बळी घेणारी ‘ब्लॅक डेथ’ आली कुठून? धागा सापडला इतिहासकार फिलिप स्लाविन यांना. किर्गिझस्तानात इसिक-कूल सरोवराजवळच्या दोन जुन्या दफनभूमींत ४६७ थडग्यांवर सालं कोरलेली होती. त्यातली तब्बल ११८ थडगी १३३८-३९ या दोनच वर्षांतली! काहींवर सीरियाक भाषेत मृत्यूचं कारणही होतं : साथ.

पण कसली साथ? इथे बायॉलॉजीची एन्ट्री. तिथले सांगाडे एकोणिसाव्या शतकातच उकरून रशियात नेले होते. त्यातल्या सात जणांच्या दातांतला डीएनए काढला. दातात रक्त पोचतं, त्यामुळे रक्तातल्या जंतूंचे अंशही तिथे टिकतात. मात्र डीएनएचा पार चुरा झालेला. ते तुकडे जुळवले कॉम्प्युटरनं. तिघांमध्ये प्लेगचा जंतू निघाला, आणि तोही ब्लॅक डेथच्या जंतूंचा पूर्वज! २०२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

प्लेगनं १८९६ मध्ये मुंबईलाही गाठलं. तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. आज वेळेत निदान झालं तर अँटिबायोटिक्सनी प्लेग बरा होतो, पण तो जगातून गेलेला नाही. म्हणून त्याची कुंडली हवी.

आणि ती मिळाली कशी? तर कुणीतरी थडग्यांवरची सालं मोजत बसलं म्हणून!