बांधाची रुंदी : शेजाऱ्यांमधील हद्दीचा तंटा आणि त्याचे लेखनप्रकार (बबीना परिसराच्या संदर्भात)

१

जमिनीच्या हद्दीचा तंटा हा विषय सामान्यतः विधिशास्त्राच्या आणि महसुली व्यवहाराच्या कक्षेत येतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण असे की, हा तंटा सुटण्यापूर्वी सांगावा लागतो, आणि तो कोणत्या लेखनप्रकारात सांगितला जातो यावर पुष्कळदा त्याचा निकाल अवलंबून असतो. दोन शेतांमधील बांधाला रुंदी असते. नकाशावरील रेषेला रुंदी नसते. शेजाऱ्याचे अतिक्रमण या दोहोंमधील अवकाशात घडते, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

विवेचनासाठी झाशी जिल्ह्यातील बबीना हा परिसर निवडला आहे. झाशी-ललितपूर मार्गावरील हे छावणीचे गाव. त्याच्या लगत लष्कराचे गोळीबाराच्या सरावाचे क्षेत्र आणि भोवती बुंदेलखंडातील शेतीची गावे आहेत. १७४२ मध्ये नारो शंकर यांची नेमणूक झाली तेव्हापासून १८५४ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत झाशीचा कारभार मराठी सुभेदारांकडे होता. त्यामुळे मराठी आणि हिंदी या दोन कागदी परंपरांची तुलना येथे उपरी ठरत नाही.

२

बुंदेलखंडात शेताच्या बांधाला ‘मेड’ म्हणतात. उताराच्या, कमी ओल धरणाऱ्या जमिनीत पावसाचे पाणी अडवणे हे तिचे पहिले काम. हद्द दाखवणे हे दुसरे. बांदा जिल्ह्यातील जखनी या गावाने शेतावर मेड आणि मेडेवर झाड हे सूत्र धरून पाणी राखले, हे अलीकडच्या काळात सर्वश्रुत आहे. मराठी मुलखातील बांध, विदर्भातील धुरा किंवा कोकणातील मेर यांचेही असेच आहे. त्यांवर गवत असते, बाभूळ असते, येण्याजाण्याची वाट असते. म्हणजे बांध ही दोघांच्या उपयोगाची जागा आहे, आणि म्हणूनच ती कोणा एकाला हळूहळू आपलीशी करता येते.

या क्रियेला मराठीने ‘बांध कोरणे’ हा नेमका शब्दप्रयोग दिला आहे. दर नांगरटीला फाळ बोटभर आत सरकतो. कोणत्याही एका वर्षी काही घडलेले दिसत नाही. वीस वर्षांनी मात्र बांधाची कड उरते. न्यायालय विचारते : अतिक्रमण केव्हा झाले? फिर्यादीला तारीख द्यावी लागते. संथ प्रक्रियेचे रूपांतर एका प्रसंगात करणे, ही या तंट्याच्या कथनातील मूळ अडचण होय.

ही अडचण प्राचीन शास्त्रकारांना ठाऊक होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वृक्ष लावण्यास सांगितले आहेच. शिवाय हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशी लवकर न कुजणारी चिन्हे जमिनीत पुरून ठेवावीत असेही म्हटले आहे. उघडी खूण हलवली जाते, हे त्यामागचे गृहीतक. खुणांनी संशय फिटला नाही तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे व माळा धारण करून सीमा सांगावी, असा विधी तेथे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यावरील ‘मिताक्षरा’ ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली.

मराठेकालीन व्यवहारात याच दृष्टीला महजराचे रूप मिळाले. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ मधील ग्रंथाने ही कागदपत्रे अभ्यासकांच्या नजरेत आणली. महजरात जमलेल्या गोताची नावे, दोन्ही पक्षांच्या तकरिरी, साक्षी आणि अखेरीस निवाडा येतो. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे बहुस्वरी कथन आहे. गावशिवेच्या तंट्यात महार वतनदाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई. ज्याला गावकुसाच्या आत घर नव्हते त्याच्याच स्मृतीत गावाची शीव सांभाळलेली होती, हा विरोधाभास या कागदांचा कोणीही वाचक ओलांडू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मोजणीने स्मृतीची जागा नकाशाला दिली. त्याने निश्चिती आली, आणि कागद वाचू शकणाऱ्याचे बळही वाढले. बांधावरून किंवा विहिरीच्या पाणपाळीवरून झालेली मारामारी कुलकर्णी आणि कारकून कोर्टकज्ज्यापर्यंत कशी नेतात, याचे विवरण महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये केले आहे.

३

बबीना परिसरात आज नोंदीच्या तीन पद्धती शेजारी नांदतात. शेतजमीन लेखपालाच्या खसऱ्यात, खतौनीत आणि शजऱ्यात, म्हणजे गावनकाशात, असते. गावठाणातील घरांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे मोजणी करून उत्तर प्रदेशात ‘घरौनी’ नावाचा दाखला दिला जातो. छावणीच्या हद्दीतील जमिनीची नोंद मात्र १९३७ च्या नियमांनुसार ठेवलेल्या स्वतंत्र नोंदवहीत होते. शेजाऱ्याची भिंत हातभर पुढे आली, ही एकच तक्रार जागेप्रमाणे तीन भाषांत लिहावी लागते.

उत्तर प्रदेश महसूल संहिता, २००६ (अंमल २०१६ पासून) हिच्या कलम २४ नुसार हद्दीचा वाद उपजिल्हाधिकारी संक्षिप्त चौकशीने ठरवतो. आधार उपलब्ध मोजणी नकाशांचा, आणि ते शक्य नसेल तर प्रत्यक्ष कब्जाचा. या उत्तरार्धात महत्त्वाची कबुली आहे : रेषा बोलेनाशी झाली की कायदा पुन्हा जमिनीकडे वळतो. मुदत कायदा, १९६३ हीच गोष्ट काळाच्या मापाने सांगतो. खासगी मालकाने आपल्या जमिनीच्या कब्जासाठी बारा वर्षांत दावा केला पाहिजे. सरकारला तीस वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आलेल्या सलोखा योजनेने, एकमेकांची जमीन बारा वर्षे कसत असलेल्या शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदलीचा दस्त करण्याची वाट दिली. तेथे वहिवाट हा गुन्हा न राहता समेटाचा आधार होतो.

छावणीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२४ मध्ये छावण्यांतील नागरी भाग वेगळे काढण्याच्या ज्या मसुदा अधिसूचना निघाल्या, त्यांत बबीना आणि नाशिकजवळचे देवळाली या दोहोंची नावे होती. अशा बदलात घर जागचे हलत नाही, पण त्याचे दप्तर हलते. ज्याच्याकडे पिढ्यांची वहिवाट आहे आणि कागद अपुरा आहे, त्याचा शेजारी अशा संधिकालात साक्षीदारही होऊ शकतो आणि प्रतिवादीही.

४

साहित्याने या तंट्याचा जो गाभा टिपला तो दप्तरात सापडत नाही. गोगोलच्या दोन इवानांच्या भांडणाच्या कथेत (१८३४) एका अपशब्दानंतर शेजारी मुद्दाम कुंपणालगत हंसांचे खुराडे उभारतो. दुसरा ते रात्री करवतीने पाडतो, आणि दावा वर्षानुवर्षे चालतो. अतिक्रमण तेथे अपमानाची लिपी आहे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) मधील लंगड लाच न देता तहसिलीतून एका कागदाची नक्कल मिळवू पाहतो. तेथे मूळ तंटा मागे पडतो आणि कागद हेच जीवितकार्य होते. पहिली कृती शेजाऱ्याच्या मनाची, दुसरी दप्तराच्या स्वभावाची. महजराचा अभ्यासक या दोहोंना जोडणारा दुवा पुरवू शकतो, कारण तेथे मन आणि दप्तर एकाच कागदावर आहेत.

अखेरीस खरेदीखतातील चतुःसीमेकडे लक्ष वेधतो. हिंदी दस्तांत तिलाच चौहद्दी म्हणतात. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक अशी शेजाऱ्यांची नावे लिहूनच माझी जमीन ‘माझी’ ठरते. क्षेत्रफळ आकड्यांत सांगता येते, पण जागा सांगण्यासाठी शेजारी लागतो. ज्याच्याशी भांडण आहे त्याचेच नाव माझ्या हक्काच्या वर्णनात कोरलेले असते. उपग्रह आणि ड्रोन यांच्या साहाय्याने रेषा अधिक काटेकोर होत जाईल, आणि दुर्बळ पक्षाला त्याचा लाभही होईल. तथापि, बांधाची रुंदी त्या रेषेत मावणार नाही. ती मोजायची तर दोन्ही शेजाऱ्यांना बांधावर उभे करून त्यांचे म्हणणे एकाच कागदावर उतरवावे लागेल. महजर लिहिणाऱ्यांनी तेच केले होते.