‘एमएससीआयटी झालंय का?’

महाराष्ट्रात सरकारी भरतीची जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक अट तोंडपाठ असते : ‘एमएस-सीआयटी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण’. तलाठी असो वा लिपिक, पदवीच्या कागदाला हे सर्टिफिकेट जोडावेच लागते. आधी नसेल, तर अनेक पदांना नेमणुकीनंतर दोन वर्षांची मुदत मिळते. बारावीची परीक्षा आटोपली की ‘निकाल लागेपर्यंत एमएससीआयटी करून टाक’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, एखाद्या महाविद्यालयाच्या मागच्या खोलीत या अभ्यासक्रमाची पाटी दिसते. इतका हा कोर्स आपल्या अंगवळणी पडला आहे. त्यामुळेच त्याने राज्यात नेमके काय केले, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा, कारण शाळा-महाविद्यालयाबाहेर, वयाची अट न ठेवता, मराठीतून एवढ्या मोठ्या संख्येने लोकांना शिकवणारे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव ‘महाराष्ट्र स्टेट सर्टिफिकेट इन इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’. तो चालवते महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एमकेसीएल’. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २० ऑगस्ट २००१ रोजी ही कंपनी स्थापन झाली. पहिले व्यवस्थापकीय संचालक विवेक सावंत पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेतून आले होते. सी-डॅकची स्थापना १९८८ची, आणि तिथला ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१चा. ज्या शहरात महासंगणक बांधला गेला, त्याच शहरातून दहा वर्षांनी सामान्य माणसाला माउस धरायला शिकवण्याचे काम सुरू झाले. दोन्ही कामांना सारखाच मान द्यायला हवा, असे मला वाटते.

त्या काळी संगणक शिकायचा म्हणजे मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेत भरमसाट फी भरायची आणि इंग्रजीतून शिकायचे, अशीच बहुतेकांची समजूत होती. तालुक्याच्या गावात एखादा हौशी तरुण दोन-तीन संगणक मांडून क्लास घेई, पण तो काय शिकवतो आणि त्याच्या सर्टिफिकेटला किंमत किती, याची खात्री नसे. एमकेसीएलने स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. अशाच स्थानिक क्लासना, शाळांना, महाविद्यालयांना अधिकृत केंद्र म्हणून मान्यता दिली. अभ्यासक्रम, पुस्तक, ई-लर्निंगचे सॉफ्टवेअर एकच, जागा आणि शिकवणारे सर-मॅडम मात्र गावातलेच. परीक्षा संगणकावरच होते आणि सर्टिफिकेट महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे मिळते. एकूण गुणांपैकी निम्मे केंद्रातल्या रोजच्या कामाचे, निम्मे अंतिम परीक्षेचे. फी हप्त्यांनी भरता येते. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी हवी ती भाषा निवडता येते. साधारण त्याच सुमारास, २००२मध्ये, केरळने मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ योजना सुरू केली. घरटी एक माणूस संगणक-साक्षर करायचा, हे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्राने परीक्षेचा आणि नोकरीच्या अटीचा मार्ग धरला. एमकेसीएलच्या सांगण्यानुसार आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आहे.

या एक कोटीत कॉलेजची मुले-मुली आहेतच. पण सुरुवातीच्या वर्षांत मोठा भरणा नोकरीतल्या माणसांचा होता. पन्नाशीला टेकलेले शिक्षक, मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंतचे कर्मचारी, टाइपरायटरवर हयात गेलेले कारकून. संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागायची, कारण धूळ आत यायला नको. यूपीएसच्या बॅटऱ्यांवर बॅचचे वेळापत्रक ठरायचे, कारण दिवसाकाठी अनेक तास भारनियमन. मुलांच्या वयाच्या सरांसमोर हे विद्यार्थी वही-पेन घेऊन बसत आणि संगणकाच्या प्रत्येक पायरीला क्रमांक देऊन लिहून घेत.

अशा माणसाला पहिल्या दिवशी सर्वांत अवघड जाते ते डबल-क्लिक. दोन क्लिकमध्ये अंतर पडले तर संगणक त्यांना दोन वेगळ्या सूचना समजतो. दोन्ही क्लिक पटकन करायला जावे तर हात हलतो आणि फोल्डर उघडण्याऐवजी जागचे सरकते. यावर चांगल्या केंद्रातल्या मॅडम भाषण देत नाहीत. त्या पेंट उघडून देतात आणि घर, सूर्य, झाड काढायला सांगतात. ओढायचे म्हणजे बटण दाबून धरायचे, सोडायचे म्हणजे बोट उचलायचे, हे चित्र काढताना हाताला कळते. पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळही याच कामी येई. पाहणाऱ्याला वाटे, क्लासमध्ये खेळ चालले आहेत. प्रत्यक्षात बोटांना आणि डोळ्यांना एकमेकांची सवय होत असे. त्यानंतर शिकवायची गोष्ट म्हणजे ‘अनडू’. चुकले तर मागे येता येते, यंत्र बिघडत नाही, हे एकदा पटले की माणूस धीटपणे बटणे दाबू लागतो. भीती जाणे हा या अभ्यासक्रमातला पहिला धडा आहे, जरी पुस्तकात त्याचे प्रकरण नसले तरी.

पुढचा भाग संकल्पनांचा, आणि खरे शिक्षण तिथे आहे. फाइल म्हणजे काय, ती कुठे ठेवली जाते, ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह ॲज’ यांत फरक काय, कॉपी केले तर मूळ प्रत राहते आणि कट केले तर ती हलते. या गोष्टी कळल्या की विंडोज एक्सपी जाऊन विंडोज ११ आले तरी काही बिघडत नाही.

एक्सेलचे उदाहरण घ्या. शिक्षकाला वर्गाचा निकाल लावायचा आहे. नावे एका स्तंभात, पुढे सी ते एच या स्तंभांत सहा विषयांचे गुण. आय-२ या चौकोनात तो बेरजेचे सूत्र लिहितो : सी-२ पासून एच-२ पर्यंत. उत्तर येते. मग चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला बारीक ठिपका धरून खाली ओढतो आणि साऱ्या वर्गाच्या बेरजा भरल्या जातात. तिसऱ्या ओळीत सूत्र आपोआप सी-३ ते एच-३ झालेले असते.

आता टक्केवारी. एकूण गुण ६०० त्याने के-१ या चौकोनात लिहिले आहेत. पहिल्या विद्यार्थ्याची टक्केवारी बरोबर येते, पण सूत्र खाली ओढताच शून्याने भागल्याची चूक दिसू लागते. कारण सूत्र सरकताना के-१ चे के-२ झाले, आणि के-२ तर रिकामा आहे. के आणि १ या दोन्हींआधी डॉलरचे चिन्ह लावले की तो पत्ता पक्का होतो आणि सगळी टक्केवारी बरोबर येते. ही चूक ज्याने स्वतः केली आणि स्वतः सुधारली, त्याला एक्सेल समजले. त्याने पुढे पगारपत्रक करावे, दूधसंस्थेचा हिशेब करावा किंवा बचत गटाची वही मांडावी, तत्त्व हेच आहे.

आणखी एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो : मराठी टायपिंग. सरकारी कामकाज मराठीत चालते, त्यामुळे ही चैनीची बाब नाही. जुन्या टायपिस्टचा हात रेमिंग्टनच्या कळफलकावर बसलेला असतो. त्यात ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करायची. इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या कळफलकात उच्चाराप्रमाणे आधी अक्षर, मग वेलांटी. ‘वि’ लिहायचा तर आधी व. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची रचना आहे. र आणि नुक्त्याचा ऱ एकाच कळीवर आहेत, दुसऱ्यासाठी शिफ्ट दाबायची. र, हलन्त आणि य दाबले की ‘आचार्यांना’ लिहिता येते, आणि शिफ्टसह तीच कळ वापरली की ‘आचाऱ्यांना’. लग्नाच्या पंगतीतला स्वयंपाकी आणि विद्यापीठातले गुरुजी यांच्यातला फरक एका कळीने राखता येतो.

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फाँट नसला, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची गिचमिड दिसायची. युनिकोडने ही अडचण दूर केली. युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, मेलने पाठवता येतो, मोबाइलवरही जसाच्या तसा वाचता येतो. तरीही जुन्या फाँटमधली कागदपत्रे अजून फिरताना दिसतात. म्हणून प्रत्येक केंद्राने युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट यांना हवा तेवढा वेळ दिला पाहिजे. ज्या राज्याने आपल्या भाषेतून संगणक शिकवला, त्या राज्याच्या लोकांना त्या भाषेत न अडखळता लिहिताही यायला हवे.

या अभ्यासक्रमाचे दोषही सांगायला हवेत, कारण त्याच्याबद्दल आस्था आहे. पहिला दोष सक्तीतून आला. नोकरीतल्या कर्मचाऱ्यांना २००७च्या अखेरपर्यंतची मुदत होती. ती चुकलेल्या अनेक शिक्षकांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, दिलेल्या वेतनवाढींच्या वसुलीचे आदेश निघाले आणि त्यावरून वर्षानुवर्षे निवेदने व दावे चालले. ज्या शाळेत वीज नव्हती, संगणक नव्हता, तिथल्या शिक्षकाला हा नियम अन्यायाचा वाटला तर नवल नाही. दुसरा दोष परीक्षेचा. पर्याय निवडण्याच्या प्रश्नांचे संच पाठ करून उत्तीर्ण होता येते. त्यामुळे हातात सर्टिफिकेट आहे, पण साधे पत्र टाइप करून पीडीएफ करता येत नाही, अशीही माणसे भेटतात. तिसरा दोष केंद्राकेंद्रांतल्या फरकाचा. कुठे प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आणि शंका विचारायला मॅडम, तर कुठे हजेरीपुरती खोली.

हे दोष मान्य करूनही माझे मत ठाम आहे की या अभ्यासक्रमाची गरज आज कमी झालेली नाही. ‘आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे, मग एमएससीआयटी कशाला?’ हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. फोनने माणसाला इंटरनेटपर्यंत नेले, हे खरे. पण फाइल कुठे आहे हे फोन दाखवत नाही, तो ती लपवतो. रील सहज बनवणाऱ्या मुलाला अर्जासाठी फोटो ५० केबीच्या आत बसवता येत नाही. सही स्कॅन करून ठरलेल्या नावाने जतन करता येत नाही. मग तो सायबर कॅफेत पैसे मोजतो, आणि आपला पासवर्डही तिथेच लिहून देतो. आज सातबारा, जातीचा दाखला, अकरावीचा प्रवेश, पीकविमा, शिष्यवृत्ती या सर्वांची वाट एखाद्या पोर्टलवरून जाते. ज्याला ते स्वतः हाताळता येत नाही, तो कुणाच्या तरी हाती आपली कागदपत्रे आणि ओटीपी देतो. फसवणुकीची सुरुवात अनेकदा इथेच होते. अभ्यासक्रमात आता सायबर सुरक्षा आणि ऑनलाइन व्यवहार हे विषय आहेत, आणि ते वर्डइतकेच मनापासून शिकवले गेले पाहिजेत.

म्हणून ज्यांना स्वतः किंवा घरातल्या कुणाला हा क्लास लावायचा आहे, त्यांनी फी विचारण्याआधी केंद्रात जाऊन एक बॅच चालू असताना पाहावी. प्रत्येकाला संगणक मिळतो का? शिकवणारे माउस स्वतःच्या हातात घेऊन काम उरकतात, की विद्यार्थ्याच्या हातून करून घेतात? मराठी टायपिंगला रोज वेळ आहे का? गृहिणींना, वयस्कांना शंका विचारताना संकोच वाटत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते केंद्र चांगले.

आणि कोर्स संपल्यावर निकालाची वाट न पाहता स्वतःचीच एक परीक्षा घ्या. कुणाची मदत न घेता मराठीत युनिकोडमध्ये एक अर्ज लिहा, त्याची पीडीएफ करा, ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी शोधून मेलला जोडा आणि पाठवा. घरखर्चाचा महिनाभराचा तक्ता एक्सेलमध्ये मांडून त्याची बेरीज सूत्राने काढा. एवढे जमले तर तुमचे एमएससीआयटी झाले. नाही जमले, तर सर्टिफिकेट फाइलीत लावून ठेवा आणि पुन्हा केंद्रात जाऊन सरावाला बसा. पुन्हा शिकायला जाण्यात कमीपणा अजिबात नाही.