भिलाईचे पोलाद
प्रगतीने जीवन सुधारले काय, हा प्रश्न भिलाईच्या पोलादासंबंधी दोन ठिकाणी विचारावा लागतो. पहिले ठिकाण झोतभट्टी होय. पहिल्या भट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. भट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी घालतात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोकपासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो व वितळलेले लोखंड तळाशी साचते. या पोलादाचे रूळ देशभर पसरले. कारखान्याभोवती शाळा व रुग्णालय असलेले नगर वसले.

दुसरे ठिकाण खनिज पुरविणारे दल्ली-राजहरा. तेथील कंत्राटी मजुरांच्या वाट्याला या सोयी फारशा आल्या नाहीत. १९७७ च्या पोलीस गोळीबारात मृत्यू पावलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ त्यांनी स्वतःच्या श्रमाने व वर्गणीने शहीद रुग्णालय उभारले. ते १९८३ साली सुरू झाले.