साडेतीन किलोमीटरचं गाव

स्वीडनमध्ये गॉटलंड नावाचं एक बेट आहे आणि त्या बेटावर व्हिस्बी नावाचं जुनं व्यापारी गाव. मुलीकडे स्टॉकहोमला गेलो होतो, तेव्हा तिनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना बोटीत बसवून तिथं नेलं. उतरल्यावर हातात एक नकाशा दिला आणि म्हणाली, ‘‘बाबा, इथं वाटाड्या लागत नाही. तटाला धरून चालत राहा, गाव आपोआप पाहून होतं.’’

तसंच झालं. तेराव्या शतकातला तो चुनखडीचा तट सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे आणि बहुतेक जागी अजून ताठ उभा आहे. १९९५ साली ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अर्ध्या वाटेवर नऊ वर्षांच्या नातीनं विचारलं, ‘‘आजोबा, तुमच्या गावाला अशी भिंत आहे?’’

‘‘आहे की!’’

‘‘केवढी?’’

तिथं मी अडलो. साठ वर्षं अमरावतीत काढली, रोज जवाहर गेटातून सायकल, मग स्कूटर काढली. पण परकोटाला एक फेरी घालावी असं कधी मनात आलं नव्हतं.

परत आल्यावर जुनं गॅझेटियर उघडलं. अमरावतीचा परकोट सव्वादोन मैलांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या थोडा वर. व्हिस्बीच्या तटाएवढाच! उंची वीस ते सव्वीस फूट. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजाम सरकारनं १८०७ मध्ये तो बांधायला घेतला. दरवाजे पाच : अंबा, नागपुरी, भुसारी, महाजनपुरी आणि खोलापुरी. शिवाय चार खिडक्या. दोन्ही गावं व्यापाऱ्यांची, दोन्ही तट पैशाच्या राखणीसाठी. तिकडे हान्साचे व्यापारी, इकडे कापसाचे. आगगाडी येण्याआधी १८४२ मध्ये इथल्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांच्या पाठीवर लादून कापूस कलकत्त्याकडे पाठवला, असंही तिथं लिहिलंय.

डिसेंबरात नात आली. एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. आपल्याकडे हे काम उन्हाच्या आधीच करायचं. चौकडीच्या वहीचा एक कागद, पेन्सिल, पाण्याची बाटली, बस्स.

सुरुवात जवाहर गेटपासून. हाच पूर्वीचा भुसारी दरवाजा. नाव बदललं, पण धान्य, किराणा, हातगाड्या यांची गर्दी तीच. नातीनं कमान वहीत काढली आणि तिच्यातून जाणारी रिक्षाही काढली. पुढे अंबागेटकडून गांधी चौकात अंबादेवीच्या पायऱ्यांशी आलो. रुक्मिणीहरणाची गोष्ट तिला आईनं सांगितलेली होती. मी तिला दुसरी सांगितली. १९२७ मध्ये याच देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून सत्याग्रह उभा राहिला, डॉ. पंजाबराव देशमुख त्यात होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरातल्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले होते. ‘‘म्हणजे भिंत देवळालाही होती?’’ तिनं विचारलं. मी हो म्हणालो. वहीत तिनं तिथंही एक रेघ ओढली.

खुनारी खिडकीचं नाव ऐकून ती थबकली. १८१८ मध्ये तिथं झालेल्या झुंजीत सातशे माणसं मारली गेली, त्यावरून ते नाव पडलं अशी नोंद आहे. व्हिस्बीच्या तटाबाहेरही १३६१ मध्ये डॅनिश राजाच्या फौजेनं बेटावरचे शेतकरी कापून काढले. गावकऱ्यांनी ते तटाआडून पाहिलं आणि मग राजाला गाव स्वाधीन केलं. तिथं दगडी क्रूस उभा आहे, लोक थांबतात. इथं मला एक पाटीही दिसली नाही. पानटपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘खिडकी हे काय, समोरच त आहे जी! खून-बिन आमाले मालूम नाही.’’

नागपुरी गेटपर्यंत जाता जाता परकोट किती वेळा हरवला याची गणतीच नाही. कुठं घराच्या पोटात शिरलेला, कुठं त्यावर वाळवणं, कुठं नुसता मातीचा उंचवटा. नातीनं युक्ती काढली. दिसेल तिथं जाड रेघ, नसेल तिथं टिंबं. टिंबंच जास्त झाली.

भूक लागली तेव्हा गिला वडा खाल्ला, दही आणि चटणी घालून. हेही व्हिस्बीत मिळत नाही, हे तिनं आपणहून मान्य केलं.

शेवटचा मुक्काम बुधवाऱ्यात, माझ्या मामाच्या घरी. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या घरात काढल्या. स्वयंपाकघराची मागची भिंत जाड, उन्हाळ्यात गार. मामी तिला टेकून भाकरी करायची. मी तिच्यात पतंगाच्या दोऱ्यासाठी खिळेही ठोकले होते. त्या सकाळी नात तिथं गेली, पोपड्यांमागचा दगड पाहिला आणि म्हणाली, ‘‘आजोबा, हीच ती भिंत!’’

परकोट गेला कुठं, असं सकाळपासून मी ज्याला-त्याला विचारत होतो. आणि तो आमच्याच स्वयंपाकघरात होता, माझ्याच खिळ्यांसकट.

मामेभावानं चहा दिला आणि अवघडत सांगितलं, की उन्हाळ्यात घर पाडून बांधायचं आहे. मागची भिंत काढली की अडीच फूट जागा सुटते.

मी व्हिस्बीचं सांगू लागलो. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ‘‘दादा, तुमचं खरं आहे. पण तिथल्या लोकायले दोन खोल्यायत सात माणसं झोपा लागत असन काय? जिनाच कुठून काढू, ते सांगा.’’

मला उत्तर देता आलं नाही. जुन्या दगडाची हौस मोकळ्या बंगल्यात राहणाऱ्याला सोपी असते. त्याच्या घरी मी पाहुणा, आणि तो सातांतला एक. तरी मी एवढंच म्हणालो, ‘‘काढायच्या आधी एकदा इंजिनिअरला विचार. ती तीन फूट जाडीची भिंत पाया म्हणूनच धरता येते का, तेवढं पाहा. त्याचे पैसे मी देतो.’’ तो ‘पाहू’ म्हणाला. वऱ्हाडात ‘पाहू’चा अर्थ नाहीही नसतो आणि होही नसतो.

वाचकहो, आपणही एखाद्या रविवारी मुलं-नातवंडं घेऊन ही फेरी घाला. दोन-अडीच तास पुरतात. कुणाच्या अंगणात डोकवायचं तर विचारून डोकवा. लोक चहा पाजतात. आणि सोबत कागद न्या.

जाताना नातीनं वही माझ्याजवळच ठेवली. बुधवाऱ्यातल्या त्या घरापाशी तिनं जाड रेघ ओढली आहे, पण पेन्सिलीनं. ‘‘आजोबा,’’ ती म्हणाली, ‘‘उन्हाळ्यात मामाआजोबांकडे जाऊन या आणि मला कळवा. मग मी पेननं काढीन, नाहीतर टिंबं करीन.’’