मुरघास मागे का पडला?

पालघर पट्ट्याचा जुना चारा म्हणजे सुके गवत. मुरघास इथे मागे पडला तो जुन्या ट्रॅक्टरांत दम नव्हता म्हणून, हे पटत नाही. मुरघासाला लागते बारीक कुट्टी, 65 ते 70 टक्के ओलावा आणि हवा उरणार नाही अशी दाबणी. हातचाकाचे कुट्टीयंत्र आणि खड्ड्यावर फिरवलेली बैलजोडीही ते साधते. अडचण बाजाराची होती. मुंबईच्या तबेल्यांना गवत वजनावर जाई, आणि मुरघासात दोन तृतीयांश पाणीच. ते वाहून कोण नेणार? (1945 मध्ये डहाणू भागातल्या वारली मजुरांचा संप गवतकापणीच्या मजुरीवरूनच झाला, इतका हा माल मोलाचा.)

कोणी म्हणेल, एवढ्या पावसात गवत वाळवण्यापेक्षा मुरवणे शहाणपणाचे. खरेच आहे. उघडिपीची वाट पाहता पाहता गवत पिकून त्याची काडी होते, प्रथिने घटतात. पण रानगवतात साखर कमी, म्हणून वरून मळी घालावी लागते. आणि केळव्यासारख्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खणलेला खड्डा चाऱ्याआधी पाण्याने भरतो. तिथे जमिनीवर ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशव्याच बऱ्या, आणि त्यांना ट्रॅक्टर लागतच नाही.