स्नेहसंमेलन आणि पोटदुखी

डिसेंबर लागला की शाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि दवाखान्यात पोटदुखीची मुले वाढतात. बेंबीभोवती दुखते, मळमळते. शाळेच्या वेळेला जोर, रविवारी आराम! पोट तपासावे तर मऊ. आई म्हणते, "डॉक्टर, नाटकं करतोय हा. एखादं शक्तीचं इंजेक्शन तरी द्या."

नाटक नव्हे. भीतीने शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते, छाती धडधडते, हातांना घाम सुटतो, पोटात कळ येते. दुखणे खरे असते, पण इंजेक्शनने जाणारे नसते. मात्र पोटदुखीने मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर भीती समजून घरी बसू नये.

घरोघरी दोनच तऱ्हा दिसतात. वडील दरडावतात, "शेजारचा बघ कसा धडाधड बोलतो!" आजी म्हणते, "नको जाऊस हो बाळा." आजीची माया खरी, पण नाव काढून घेतले की मुलाला लगेच हायसे वाटते, आणि टाळले की सुटका होते हे ते शिकते. पुढच्या वेळी भीती वाढलेली असते.

चौथीतल्या एका मुलीचे १ ऑगस्टचे टिळक पुण्यतिथीचे भाषण तोंडपाठ होते, पण वर्गासमोर शब्द फुटेना. आम्ही पायऱ्या पाडल्या. आधी आजीपुढे दोन वाक्ये, मग चुलत भावंडांपुढे, मग बाईंच्या परवानगीने मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात एका मैत्रिणीपुढे. प्रत्येक पायरीवर धडधड कमी होईपर्यंत मुक्काम, घाई नाही. २६ जानेवारीला ती हातात कागद धरून चार ओळी बोलली. कागद खुशाल धरू द्यावा. पाठांतराचा हट्ट मोठ्यांचाच असतो. चुकले तर घरी त्याची उजळणी नको, आणि पाहुण्यांपुढे "आमची फार लाजाळू" हे पालुपद तर नकोच.

प्रत्येकाने भाषणच केले पाहिजे असेही नाही. समूहगीतात मागच्या रांगेत उभे राहणे, लेझीम, पडदा ओढणे, यांतूनही सुरुवात होते.

मूल शाळाच टाळू लागले, किंवा घराबाहेर महिनोन्महिने बोलतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही. मुलाने बोललेच पाहिजे असे नाही; फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.